पुण्याहून इंग्लंडला जाऊन हॉटेल काढायचंय? आधी या सवयी तपासा

हिंजवडीतल्या कंपनीतून एकाची बदली रेडिंगला किंवा लंडनला होते, मागोमाग बायको-मुलं जातात. दोन-तीन गणपतींना मंडळात साबुदाणा वडे आणि मसालेभात करून नाव होतं. मग कुणीतरी म्हणतं, "वहिनी, हॉटेलच का काढत नाही तुम्ही?" या प्रश्नाला "काढूया" म्हणून बसलेल्या घरांसाठी हे टिपण आहे. खाली दिलेले नियम इंग्लंडचे आहेत. स्कॉटलंड-वेल्समध्ये काही तपशील बदलतात, आणि अमेरिका, सिंगापूर, आखात यांचं वेगळेपण जिथे महत्त्वाचं आहे तिथे सांगितलं आहे.

निघताना सगळ्यांना काळजी असते चवीची. गोऱ्यांना तिखट चालेल का, आमटीतला गूळ पटेल का वगैरे. चवीचं निभतं. खरी टक्कर होते ती आपल्या घरगुती सवयींशी: आमटीचं पातेलं रात्रभर ओट्यावर राहणं, मीठ-मसाला अंदाजाने पडणं, भेटीला आलेल्या आईने पोळ्या लाटायला बसणं, "थोडा रस्सा आणा" म्हटलं की फुकट वाढणं. मसाला आहे तसा ठेवा. या सवयी मात्र विमानात बसण्याआधीच सोडायला लागा.

पहिली पायरी: गिऱ्हाईक कोण, ते ठरवा

लंडनमधलं पहिलं भारतीय हॉटेल शेख दीन महंमद यांनी १८१० मध्ये काढलं, हिंदुस्तानी कॉफी हाउस. भारतात नोकऱ्या करून परतलेले साहेब हे त्यांचं ठरलेलं गिऱ्हाईक. १८१२ मध्ये दीन महंमद दिवाळखोरीत गेले. ज्यांना ही चव ठाऊक होती त्यांच्या घरी स्वयंपाकी होतेच, हे त्याचं एक कारण सांगितलं जातं. मराठी गिऱ्हाइकाचं आजही तसंच आहे. त्याला मिसळ आवडते, पण ती त्याच्या घरी रविवारी होते, आणि दुकानात आल्यावर तो मनातल्या मनात पौंडांचे रुपये करतो. लंडनच्या महाराष्ट्र मंडळाची स्थापना १९३२ सालची. अशा मंडळांकडून गणपती-दिवाळीला मोठ्या ऑर्डरी मिळतात आणि त्या जरूर घ्याव्यात. पण फेब्रुवारीतल्या मंगळवारी संध्याकाळी जेवायला येणार तो शेजारच्या गल्लीत राहणारा, मराठीचा गंध नसलेला माणूस. हिशोब त्याच्यावर बसला पाहिजे.

पुणेकरांनी हा प्रकार उलट्या बाजूने पाहिलेला आहे. डेक्कनच्या गुडलकमध्ये १९३५ पासून इराणी चहा-बनमस्का मिळतो. चहाची तऱ्हा त्यांनी सोडली नाही, पण पुणेकराला काय लागतं तेही टेबलावर आणलं. फर्ग्युसन रस्त्यावरच्या वैशालीत डोशाइतकीच एसपीडीपीला (शेव पोटॅटो दही पुरी) मागणी असते, आणि एसपीडीपी काही उडुपीहून आलेली नाही. काय राखायचं आणि काय शेजाऱ्याकडून घ्यायचं, याची यादी तुम्हीही कागदावर करा. तोंडी ठरलेलं पहिल्या मंदीत बदलतं आणि मेन्यूत बटर चिकन घुसतं.

दुसरी पायरी: व्हिसा आणि पैसे

स्किल्ड वर्कर व्हिसावर (कुशल नोकरदाराचा व्हिसा) गेलेल्याचा जोडीदार डिपेंडंट व्हिसावर नोकरी किंवा स्वतःचा धंदा करू शकतो, म्हणून बऱ्याचदा हॉटेल बायकोच्या नावावर निघतं. नवऱ्याने मात्र संध्याकाळी गल्ल्यावर बसू नये. त्याच्या व्हिसावर पूरक काम आठवड्याला २० तास आणि तेही ठरावीक व्यवसायांतच चालतं. पुण्याहून आचारी नेण्याचा बेत असेल तर तो सोडा: जुलै २०२५ मध्ये कौशल्याची पातळी वाढवल्यापासून शेफच्या जागेसाठी बाहेरून नवा माणूस स्किल्ड वर्कर व्हिसावर आणता येत नाही.

सगळ्यात जास्त घरं अडकतात ती आईवडिलांच्या मदतीत. व्हिजिटर व्हिसावर आलेल्या आईने हॉटेलच्या स्वयंपाकघरात पोळ्या लाटणं हे काम आहे, पगार दिला नाही तरी काम आहे. परवानगी नसलेल्या माणसाला कामाला लावल्याचा दंड फेब्रुवारी २०२४ पासून पहिल्या खेपेला माणशी ४५,००० पौंडांपर्यंत जातो. आईला चव बघायला बोलवा, पण घरी. शाळकरी मुलांनाही कौन्सिलचा (तिथल्या नगरपालिकेचा) परवाना लागतो, आणि परवाना असला तरी स्वयंपाकघरात त्यांना लावू नका.

पुण्यातल्या खात्यातून भांडवल जाणार असेल तर निवासी भारतीयाला एलआरएसखाली (परदेशी पैसे पाठवायची रिझर्व्ह बँकेची योजना) वर्षाला माणशी अडीच लाख डॉलरची मर्यादा आहे. एप्रिल २०२५ पासून १० लाख रुपयांवरच्या रकमेला २० टक्के टीसीएस (बँक पाठवतानाच घेते तो कर) कापला जातो. तो विवरणपत्रात वळता होतो, पण तोवर पैसा अडकतो. सासऱ्यांना परदेशी कंपनीत भागीदार करायचं असेल तर रक्कम पाठवण्याआधी बँकेमार्फत फॉर्म एफसी (परदेशी गुंतवणुकीचा अर्ज) भरून क्रमांक घ्यावा लागतो. आधी पैसे, मग फॉर्म, असं केलं की सीए आणि बँक यांच्यामध्ये महिनोन् महिने फेऱ्या होतात.

तिसरी पायरी: पुण्यात असताना अंदाज मोडा

निघण्याआधी किमान सहा महिने हातात ठेवा. एक ग्रॅमपर्यंत मोजणारा काटा आणि टोचायचा थर्मामीटर विकत घ्या, आणि मेन्यूतला प्रत्येक पदार्थ चार माणसांचा नाही, चाळीस ताटांचा करून बघा. घरची कृती दहापट केली की बिघडते. मीठ आणि तिखट सरळ दहापट करू नका, चव बघत वाढवा. पाणीही सरळ दहापट लागत नाही, कारण मोठ्या पातेल्यात ते तितकं आटत नाही. फोडणीचं तेल दहापट लागतच नाही. मोजायचं काम ज्यांच्या हाताला चव आहे त्यांच्याकडून करवून घेऊ नका. त्यांनी करावं आणि दुसऱ्याने प्रत्येक चिमटीच्या आधी आणि नंतर डबा वजन करून लिहावं.

गोड्या मसाल्याचं एक चालणारं प्रमाण, सुरुवातीसाठी: धणे ५०० ग्रॅम, सुकं खोबरं २५०, तीळ १२५, जिरं ५०, दगडफूल २५, शहाजिरं २०, दालचिनी १५, मिरे १५, लवंग १०, तमालपत्र १०. प्रत्येक जिन्नस वेगळा भाजायचा, खोबरं शेवटी आणि तांबूस होईपर्यंतच. पुण्यात वर्षाचा मसाला एकदम करतात. तिथे महिन्याला पुरेल इतकाच करा, कारण ओट्याजवळच्या उबेत डबा रोज उघडला की खोबरं खवट होतं आणि सगळी आमटी त्याच वासाची लागते.

आत्याने करून दिलेला मसाला बॅगेत घालून न्यायचा आणि हॉटेलात वापरायचा, हे चालत नाही. प्रत्येक जिनसाचा पुरवठादार दाखवता आला पाहिजे, म्हणजे बिल हवं. आत्या बिल देत नाही. कृती न्या आणि मसाला तिथेच करा. तूप, पेढे, खवा तर सामानातूनही नेता येत नाही. भारतातून दूध आणि मांस यांचे पदार्थ ब्रिटनमध्ये न्यायला बंदी आहे. सिंगापूर आणि अमिरातीत खसखस बेकायदा आहे. अनारशांवर लावायची पुडी चुकून राहिली तरी विमानतळावर महागात पडते.

भांड्यांसाठी रविवार पेठेत आणि बोहरी आळीत फेरी मारालच. खलबत्ता, बिडाचा तवा, मोदकपात्र, पुरणयंत्र घ्या. गॅसची शेगडी घेऊ नका. ब्रिटनमधल्या मान्यतेची खूण नसलेली शेगडी तिथला गॅस इंजिनिअर जोडून देत नाही. वेट ग्राइंडर चालतो, कारण तिथेही २३० व्होल्ट आणि ५० हर्ट्झ आहे, फक्त प्लग बदलावा लागतो. अमेरिकेत १२० व्होल्ट आणि ६० हर्ट्झ, तिथे तोच ग्राइंडर निरुपयोगी. तांबट आळीतले तांब्याचे लोटे शोभेला लावा. सोलकढी, ताक, चिंचेचा कोळ त्यात ठेवू नका, आंबटाने तांबं उतरतं.

चौथी पायरी: जागा

सप्टेंबर २०२० पासून इंग्लंडमध्ये दुकान आणि बसून खायचं हॉटेल एकाच वापर-वर्गात येतात, त्यामुळे कपड्याच्या दुकानाचं हॉटेल करायला वापर बदलायची परवानगी लागत नाही. मुख्यतः गरम पदार्थ बांधून देण्याचं दुकान या वर्गात येत नाही, त्याला लागते. आणि धुराड्याला जवळजवळ नेहमीच लागते. मराठी स्वयंपाक इथे अडतो. सुक्या मिरचीची फोडणी बसली की वरच्या मजल्यावरचा भाडेकरू खोकत खाली येतो, कौन्सिलकडे तक्रार जाते आणि धुराडं छपरापर्यंत न्यायचा खर्च तुमच्या गळ्यात पडतो. म्हणून बंद पडलेल्या हॉटेलची, चालू धुराडं असलेली जागा घ्या, भाडं थोडं जास्त असलं तरी. स्वयंपाकघरात धुराचा नव्हे, उष्णतेचा अलार्म हवा. नाहीतर पहिल्याच दिवशी जिरं तडतडलं की अख्खी इमारत रस्त्यावर.

उघडण्याच्या किमान २८ दिवस आधी कौन्सिलकडे नोंदणी करा. ती मोफत असते. त्यानंतर अधिकारी न सांगता येतो आणि ० ते ५ गुण देतो. गुण कमी मिळण्याचं कारण बहुधा घाण नसते, कोरी वही असते. फ्रीजचं तापमान रोज दोनदा लिहिलेलं नसेल तर तुमचं स्वयंपाकघर कितीही लख्ख असो, त्याच्या लेखी ते तापमान कुणी पाहिलेलंच नाही.

लंडनचं पाणी जड आहे. तूरडाळ पुण्यापेक्षा बराच वेळ घेते, चहावर तवंग येतो. डाळ भिजवायला आणि शिजवायला फिल्टरचं पाणी वापरा. मँचेस्टरला ही अडचण नाही.

पाचवी पायरी: शेंगदाणा, तीळ, मोहरी, हिंग

या भागावर सगळ्यात जास्त वेळ घालवा. ब्रिटनमध्ये १४ अ‍ॅलर्जीकारक घटक जाहीर करावे लागतात आणि त्यातले जवळपास अर्धे आपल्या मिसळणाच्या डब्याच्या आसपासच सापडतात. मोहरी यादीत आहे, म्हणजे फोडणी दिलेला प्रत्येक पदार्थ. तीळ आहेत, म्हणजे गोडा मसाला पडलेली प्रत्येक आमटी-भाजी. शेंगदाणा, दूध, गहू, काजू-बदाम आहेत. बाजारातल्या बहुतेक हिंगात मैदा किंवा गव्हाचं पीठ असतं, त्यामुळे "आमच्या वरणात गहू नाही" हे वाक्य डबी वाचल्याशिवाय बोलू नका. तांदळाच्या पिठातला हिंग मिळतो. खोबरं आणि जायफळ मात्र यादीत नाहीत. अमेरिकेत यादी ९ घटकांची आहे, तीळ तिच्यात २०२३ पासून आले आणि मोहरी नाही. कॅनडात मोहरी आहे. एका देशाचा मेन्यू उचलून दुसऱ्या देशात लावता येत नाही.

उत्तर इंग्लंडमधल्या एका करी रेस्टॉरंटच्या मालकाला २०१६ मध्ये सहा वर्षांची शिक्षा झाली. बदामाच्या पुडीऐवजी त्याने स्वस्त शेंगदाण्याचं मिश्रण वापरलं, आणि शेंगदाणा नको असं सांगितलेला एक ग्राहक २०१४ मध्ये दगावला. आपल्याकडे "थोडं कूट पडलं तर काय होतंय" हे वाक्य रोजचं आहे. तिथे ते वाक्य स्वयंपाकघरात ऐकू आलं तर त्या माणसाला त्या दिवशी घरी पाठवा.

आमचं मत असं की मराठी स्वयंपाकघर शेंगदाणामुक्त करायला जाऊ नये. खिचडी, भरली वांगी, कोशिंबीर, चटणी यातून तो काढला तर उरतं काय? त्यापेक्षा दारावर आणि मेन्यूवर स्पष्ट लिहा की इथे शेंगदाणा वापरला जातो, आणि मग शिस्त पाळा. कुटाचा मिक्सर वेगळा. डबा घट्ट झाकणाचा आणि सगळ्यात खालच्या फळीवर, म्हणजे सांडलं तर दुसऱ्या कशात पडणार नाही. अ‍ॅलर्जीच्या ऑर्डरीसाठी वेगळा जांभळा चिरायचा पाट आणि सुरी. तळण सूर्यफुलाच्या किंवा रेपसीडच्या तेलात. शेंगदाणा तेल शुद्ध केलेलं असलं तरी जाहीर करावंच लागतं. फरसाणाच्या पाकिटावर मागची बाजू दर वेळी वाचा, त्याच कंपनीचं मिश्रण मधूनच बदलतं. आणि गिऱ्हाइकाने विचारलं तर वाढपी "बहुतेक नाही" असं म्हणणार नाही. तो तक्ता आणून दाखवेल.

भाकरी ग्लूटेनमुक्त (गव्हातल्या ग्लूटेन या प्रथिनाशिवायची) म्हणून विकायचा मोह होतो. त्या शब्दासाठी किलोमागे २० मिलिग्रॅमच्या आत ग्लूटेन असावं लागतं. ज्या परातीत कणीक मळली तिच्यातच ज्वारीचं पीठ मळलं तर ते गणित बिघडलं. "गहू घातलेला नाही" इतकंच लिहा. ज्वारीचं पीठ जुनं असलं तर भाकरीला चिरा जातात आणि दोष उगाच थापणाऱ्या हाताला मिळतो. धान्य आणून छोट्या घरघंटीवर दोन-तीन दिवसांपुरतं दळा.

सहावी पायरी: पातेलं ओट्यावर ठेवायचं नाही

आकडे पाठ करा: थंड पदार्थ ८ अंशांच्या आत, फ्रीज ५ वर लावलेला, गरम ठेवलेला पदार्थ ६३ च्या वर, शिजताना आतपर्यंत ७० अंश दोन मिनिटं. अमेरिकेत थंडाला ५ आणि गरम ठेवायला ५७ अंश.

चुकतं कुठे? वीस लिटर आमटी दुपारी उरते, झाकण ठेवून ती ओट्यावर "निवायला" राहते. मोठ्या पातेल्याचा मध्य तासन् तास कोमट असतो आणि जंतूंना तेवढं पुरतं. तसंच पातेलं फ्रीजमध्ये सरकवलं तर ते थंड होत नाहीच, वर शेजारचं दूधही कोमट होतं. आमटी पसरट ट्रेमध्ये पाच सेंटिमीटरच्या थरात ओता, खाली बर्फाचं पाणी ठेवा, दीड तासात फ्रीजमध्ये गेली पाहिजे. भात आणखी नाजूक: त्यातले काही जंतू शिजूनही जगतात आणि परत गरम केल्याने त्यांचं विष जात नाही. मसालेभात तासाभरात थंड करा आणि २४ तासांत संपवा. फोडणीच्या भाताचा घरगुती बाणा इथे नको.

दही आणि मोड यांना उलटी अडचण येते. पुण्यात मे महिन्यात मटकीला एका रात्रीत मोड येतात. इंग्लंडच्या जानेवारीत दोन-तीन दिवस लागतात आणि तोवर वास धरतो. बेकरीचं पीठ फुगवायचं कपाट घेतलं तर दही आणि मोड दोन्ही मार्गी लागतात. जर्मनीत २०११ मध्ये मेथीच्या मोडांतून ई-कोलायची साथ पसरल्यापासून अधिकारी मोडांबद्दल हमखास विचारतात. उसळ पूर्ण शिजवा आणि कच्च्या मोडांची कोशिंबीर मेन्यूत ठेवूच नका. श्रीखंडाचा चक्का नळाला नव्हे, फ्रीजमध्ये टांगा. किलोभर दाट दह्याचा साधारण अर्धा किलो चक्का निघतो.

सातवी पायरी: मेन्यू

दहा-बारा पदार्थ पुरे. ब्रिटिश गिऱ्हाईक भारतीय हॉटेलात येतं ते पापड-चटण्या आधी, मग स्टार्टर, मग नान आणि करी या क्रमाची सवय घेऊन. तिथली ही नेहमीची भारतीय हॉटेलं, म्हणजे करी हाउसं, मुख्यतः बांगलादेशातल्या सिल्हेटकडच्या कुटुंबांनी रुजवली, आणि तो साचा पक्का आहे. त्याला सगळं एकदम वाढलेलं ताट दिलं की कशाने सुरुवात करायची ते कळत नाही. दुपारी ताट ठेवा, संध्याकाळी तेच पदार्थ छोट्या थाळ्यांतून एकामागे एक द्या. कोथिंबीर वडी आणि बटाटेवडा आधी, पिठलं-भाकरी आणि रस्से मध्ये, शेवटी श्रीखंड. सोलकढी आल्या-आल्या पेल्यातून द्या. पिठलं-भाकरी, मटकीची उसळ, भरली वांगी मुळातच व्हीगन आहेत. ते मेन्यूवर लिहा आणि वरून सवयीने तूप सोडू नका.

मिसळीत रस्सा वेगळ्या वाटीत, फरसाण वेगळं, तर्री त्याहून वेगळी. फोटो काढेपर्यंत फरसाण मऊ पडतं आणि गिऱ्हाइकाला वाटतं पदार्थच असा असतो. तिखटपणा तर्रीने कमी-जास्त करा, मूळ रस्सा सौम्य करू नका, नाहीतर दोन भांडी, दोन कृती आणि रोजचा गोंधळ. पाव दुकानातून आणला तर गोड निघतो. स्थानिक बेकरीकडून ५० ग्रॅमचा, अंडं नसलेला, पिठाच्या चार टक्क्यांच्या आत साखर असलेला करून घ्या. वड्याला मॅरिस पायपरसारखा पिठूळ बटाटा लागतो. शार्लट किंवा नवा बटाटा चिकट होतो. उकडून ताटात पसरा, वाफ जाऊ द्या, मग कुस्करा. किलोभर बटाट्याचे ७० ग्रॅमचे चौदा वडे होतात, तेल १७५ ते १८० अंश.

किंमत लावताना पुण्याचा भाव विसरा. मिसळीच्या जिनसांचा खर्च १.८० पौंड आला आणि तो विक्रीच्या ३० टक्के धरला तर ६ पौंड, त्यावर २० टक्के व्हॅट धरून ७.२० पौंड. वर्षाला ९०,००० पौंडांची उलाढाल ओलांडली की व्हॅट नोंदणी सक्तीची, म्हणजे आठवड्याला साधारण १,७३० पौंड. चालणारं हॉटेल ते ओलांडतंच, म्हणून किंमतीत व्हॅट पहिल्या दिवसापासून धरा. एप्रिल २०२५ पासून २१ किंवा त्याहून जास्त वयाच्या माणसाचं किमान वेतन ताशी १२.२१ पौंड होतं आणि ते दर एप्रिलला वाढतं. स्वतःचे आणि बायकोचे तासही याच दराने कागदावर मांडा. ते शून्य धरले की हॉटेल फायद्यात दिसतं आणि घर थकतं.

आठवी पायरी: वाढणं

पुणेरी बाणा, म्हणजे दुपारी एक ते चार बंद आणि भिंतीवर सूचनांची माळ, तिथे विनोद म्हणून एखाद्या पाटीपुरता ठेवा. वागण्यात नको. आग्रहही नको. जेवणारा "पुरे" म्हणाला की पुरे. पहिले दोन-चार घास झाले की एकदा विचारायचं, ठीक आहे ना, आणि बाजूला व्हायचं. टिप सगळी कामगारांची; ऑक्टोबर २०२४ पासून मालकाला त्यातलं काहीही ठेवता येत नाही, आणि वाटणीचा नियम लेखी लागतो.

जास्तीच्या रश्श्याचं काय करायचं ते उघडण्याआधी ठरवा. मराठी गिऱ्हाईक तो फुकट मागणार, शेजारच्या टेबलावरचा इंग्रज बघणार आणि त्याला बिलात लागला तर चिडणार. सोपा तोडगा: मिसळीच्या किंमतीत दुसरी वाटी धरा, मेन्यूवर लिहा, आणि प्रत्येकाला विचारा. तिसऱ्या वाटीला एक पौंड, मग मागणारा मंडळाचा अध्यक्ष असला तरी.